कैलासजींचं नाक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी यंत्राच्या पोटात डोकं घालून आरसे पुसत होते. म्हणाले, "काकू, यंदाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा ना. लेसरनं चामड्यावर नक्षी काढणारी मराठी बाई म्हटल्यावर वाचकांना गंमत वाटेल. जरा हलकंफुलकं असू द्या." मी म्हटलं, बरं. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, हलकंफुलकं माझ्याकडे काही शिल्लकच नाही. राग आहे. भरपूर आहे. तो चालत असेल तर वाचा, नाहीतर पान उलटा. पुढे फराळाच्या पाककृती असतीलच.

आमचं दुकान उज्जैनला, देवास गेटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत. सासऱ्यांच्या वेळेपासून नावाच्या पाट्या, रबरी शिक्के, शाळांच्या बक्षिसाच्या ढाली असं काम. आमचे हे गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. नातेवाईक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला झेपायचं नाही. त्या रागात मी लेसरचं यंत्र आणलं. माझी आयुष्यातली बरीचशी कामं रागातच झालेली आहेत.

लेसर म्हणजे फार मोठं गूढ आहे असं लोकांना वाटतं. डोंबल! लहानपणी उन्हात भिंग धरून तुम्ही कागद जाळला असेल, तेच हे. फक्त ऊन सूर्याचं नाही, काचेच्या एका लांब नळीतलं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते आरशांवरून वळत वळत भिंगापाशी येतं, भिंग त्याचा सुईच्या टोकाएवढा ठिपका करतं आणि तो ठिपका कॉम्प्युटरवर काढलेल्या रेघांवरून फिरतो. जोर जास्त आणि चाल हळू ठेवली की चामडं कापलं जातं. जोर कमी आणि चाल भरभर ठेवली की वरचा थर तेवढा जळतो आणि नक्षी उमटते. बाकीचं सगळं चामड्याच्या स्वभावावर आहे, आणि तो स्वभाव कॉम्प्युटरला कळत नाही.

हल्ली मी नवशिक्यांचे वर्गही घेते. कॉलेजातली मुलं येतात, नोकरी सुटलेले येतात, एकदा एक निवृत्त तहसीलदार आले होते. सगळ्यांना पहिल्याच तासाला पर्सवर स्वतःचं नाव काढायचं असतं. मी काढू देत नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर जोर आणि चाल बदलत लहान लहान चौकोन काढा, कुठला बदामी आला आणि कुठल्याचा कोळसा झाला ते बघा. चामडं ओल्या फडक्यानं जरासं दमट करा, वर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे धुराचे डाग बसत नाहीत. आधी नक्षी, मग काप. आधी कापलंत तर तुकडा हलतो आणि नाव तिरकं उमटतं. आणि यंत्र चालू असताना चहाला जायचं नाही! तहसीलदारसाहेब गेले होते. परत येईपर्यंत पट्ट्यानं पेट घेतला होता. "मैडम, मुझे लगा ऑटोमैटिक है," म्हणाले. तहसीलही त्यांनी अशीच चालवली असणार.

हे सगळं मी आज तोऱ्यात सांगते, पण चामडं मला शिकवलं कैलासजींनी. कैलासजी टांग्याच्या घोड्यांचा साज बनवणाऱ्या घरातले. टांगे गेले, साज गेला, मग ते चपला आणि पट्टे करू लागले. एकदा पट्ट्यावर मारायचा पितळी ठसा करून घ्यायला दुकानात आले आणि यंत्रासमोर तासभर उभे राहिले. मी म्हटलं, "भाईसाब, कुछ और चाहिए?" म्हणाले, "दीदी, इसमें कभी चमड़ा डाला है?" मी तोवर फक्त लाकूड आणि अॅक्रिलिक घालत होते. दुसऱ्या दिवशी ते एक कातडं खांद्यावर टाकून हजर. त्याला आता चौदा वर्षं झाली.

कैलासजींचं नाक म्हणजे आमचा खरा कारखाना होता. कातडं आलं की ते त्याचा कोपरा दुमडायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. "बकरा है. बबूल की छाल में पका है. बारिश में एक बार भीगा है." विकणाऱ्याला विचारावं तर तो चाट पडायचा. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं लेसरखाली सुरेख बदामी होतं. क्रोमच्या रसायनात कमावलेलं राखाडी आणि खरखरीत होतं, आणि त्याचा धूरही वाईट. वरून रंग दिला की दोन्ही दिसायला सारखीच. लोक असलं काही प्रयोगशाळेत पाठवतात. आम्ही कैलासजींच्या नाकाखाली धरत असू. बारा वर्षांत ते नाक एकदाही चुकलं नाही.

मला मात्र त्या वासाची शिसारी होती, हे आज कबूल करते. माझं माहेरही उज्जैनचंच, संस्थानी दरबारच्या दफ्तरात कारकुनी केलेल्यांपैकी. लहानपणी चामड्याचं काम करणाऱ्यांच्या गल्लीवरून जाताना आई म्हणायची, "नाकाला रुमाल लाव." घरी आल्यावर पाय धुवायचे ते वेगळंच. त्यामुळे पहिलं वर्षभर मी दुकानात नाकाला पदर लावून बसले. कैलासजी बघायचे, बोलायचे काही नाहीत. मी मनात म्हणायची, किती समजूतदार माणूस आहे. त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही.

उज्जैनमध्ये चामड्याचं काम करणं म्हणजे रोज एक भांडण. बाबा महाकालाची नगरी. कितीतरी देवळांत पट्टा, पाकीट बाहेर काढून ठेवावं लागतं. तरी लोकांना चामड्याची हौस दांडगी! एक नवरदेव आला, त्याला पट्ट्याच्या बकलाशेजारी शंकराची मूर्ती हवी होती, जटांसकट. मी म्हटलं, "बेटा, देव कमरेला बांधणार, आणि दर्शनाला जाताना देवच बाहेर काढून ठेवणार?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "तो फिर त्रिशूल बना दो, आंटी." त्रिशूळ काढून दिला. तो पट्टाही त्यानं देवळाबाहेर काढून ठेवला असेल, पण माझी जबाबदारी संपली.

भांडणाचं खरं मूळ म्हणजे वास. चामडं जळताना केस जळल्यासारखा वास येतो. समोर चौबेजींचं यात्रेकरूंसाठी गेस्ट हाऊस आहे. यंत्र सुरू झालं की पाच मिनिटांत गॅलरीतून हाक. "ओ मैडम! चमड़े की बास आ रही है! हमारे यात्री पूजा करके आए हैं!" मी धुराची नळी छतापर्यंत चढवली. मग गाळणीचा डबा बसवला. तरी हाक यायचीच. कधीकधी यंत्र बंद असतानाही यायची. एकदा मी ओरडले, "चौबेजी, यंत्र बिघडलंय, तीन दिवस बंद आहे!" ते म्हणाले, "पुरानी वाली आ रही होगी."

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्याच मराठी मंडळींतले एक गृहस्थ, एका मंडळाचे सचिव. खरं नाव लिहू नका अशी संपादकांची अट आहे, तेव्हा आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू. मंडळानं स्तोत्रांची पोथी छापली होती. वार्षिक कार्यक्रमात प्रत्येक कुटुंबाला एक द्यायची, आणि प्रत्येक पोथीला वेष्टन, त्यावर लेसरनं कोरलेलं त्या कुटुंबाचं आडनाव. भाऊसाहेब म्हणाले, "देवाची पोथी आहे, चामडं चालायचं नाही. आम्ही शाकाहारी लेदर आणतोय. पूर्ण शुद्ध."

शाकाहारी लेदर! हे नवीन सोंग हल्ली बाजारात फार आहे. सरळ अर्थ काय, तर प्लास्टिक. त्यात दोन जाती. एक पीयू, ते लेसरखाली चालतं. दुसरं पीव्हीसी, ज्याला आपण रेक्झिन म्हणतो, ज्याच्या स्कूटरच्या सीटा असतात. ते लेसरखाली कधीही घालायचं नाही, कारण जळताना त्यातून आम्लाची वाफ निघते. ती लोखंड खाते आणि माणसाचा घसा, फुप्फुसं, नाक खाते. दिसायला दोन्ही एकसारखी. ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. तांब्याची तार ज्योतीवर लाल तापवायची, मालाच्या कोपऱ्याला टेकवायची, चिकटलेला थेंब पुन्हा ज्योतीत धरायचा. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. माल बाहेर. आमच्या दुकानात तार कायम खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्याशिवाय नवीन माल यंत्रात जात नाही. हा नियम मीच केलेला.

मी भाऊसाहेबांना स्पष्ट विचारलं, "पीव्हीसी नाही ना? पीयूच आहे ना?" ते हसले. "अहो वहिनी, नीट चौकशी करून घेतलंय."

माल आला तो थाटात. भाऊसाहेबांनी गठ्ठा आधी देवळात नेऊन देवापुढे ठेवला होता. वरच्या तुकड्याला कुंकू, त्यावर बेलाचं पान. मंडळाचे आणखी दोघं बरोबर, हातात नारळ. सव्वाअकराचा मुहूर्त. पहिलं आडनाव मुहूर्तावर कोरायचं, असं ठरवूनच आले होते.

कैलासजींनी वरचा तुकडा उचलला, कोपरा दुमडला, नाकाशी नेला. मग मला म्हणाले, "दीदी, मुझे ठीक नहीं लग रहा. तार लगा के देख लें?" आणि त्यांनी खिळ्यावरची तार काढली सुद्धा.

भाऊसाहेब एकदम पुढे झाले. "अहो, हे काय? देवापुढे ठेवून आणलेल्या वस्तूला डाग देणार? तोही मुहूर्ताच्या आधी?" आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, मराठीत, "वहिनी, यांनी आधीच हात लावलाय. पहिला तुकडा तरी तुम्ही ठेवा यंत्रात."

मी ऐकलं. ऐकून गप्प राहिले. मी, जी चौबेजींशी रोज भांडते, जिनं नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून यंत्र आणलं, ती मी मूग गिळून बसले. आणि कैलासजींना काय म्हणाले? म्हणाले, "रहने दीजिए, कैलासजी. अपने लोग हैं, झूठ थोड़े ही बोलेंगे." कैलासजींनी तार पुन्हा खिळ्याला टांगली. मी स्वतःच्या हातानं पहिला तुकडा ठेवला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. बारा वर्षांत न चुकलेल्या नाकापेक्षा मला आडनाव मोठं वाटलं.

दोन दिवस कैलासजी ते काम करत राहिले. मी पुढे काउंटरवर शाळेच्या ढालींत गुंतलेली. दुपारी ते पडदा सारून आले. डोळे लाल. "दीदी, इसकी बास अलग है. गले में लग रही है." मी मान वर न करता म्हटलं, "नया माल है, पंखा तेज कर दीजिए." त्यांनी पंखा वाढवला, तोंडाला गमछा बांधला आणि परत आत गेले. हे मला रोज आठवतं. रोज म्हणजे रोज.

आणि आता सगळ्यांत संतापजनक गोष्ट सांगते. त्या दोन दिवसांत आमच्या नळीतून गल्लीत विष जात होतं. आणि समोरून एकही हाक आली नाही. उलट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौबेजी गॅलरीतून म्हणाले, "आज तो चमड़े की बास नहीं है, मैडम! ऐसे ही रखा करो, अच्छा है." चामडं नव्हतं ना! मग कशाला कुणाच्या नाकाला झोंबेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राचं झाकण उघडलं. ज्या रुळांवरून भिंग सरकतं, ते दोन दिवसांपूर्वी लख्ख होते. आता त्यांच्यावर विटकरी गंज. भिंग आंधळं झालेलं. मी तार काढली, तापवली, उरलेल्या तुकड्याला टेकवली, ज्योतीत धरली. हिरवीगार. कुंकू लावलेला तुकडाही घेतला. तोही हिरवागार.

मी कैलासजींना फोन लावला. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, उचलला. "दीदी, रात से साँस नहीं ले पा रहे. अस्पताल में हैं."

पाच दिवस ते दवाखान्यात होते. श्वास हळूहळू आला. अजून जिना चढताना मध्ये थांबतात, पण आला. घरी गेल्यावर आठवड्यानं भाभींचा फोन. गॅसवर डाळ ठेवून त्या बाहेर गेल्या होत्या. परत आल्या तर घरभर जळका वास, डाळ करपून पातेल्याला चिकटलेली, आणि कैलासजी शेगडीपासून चार हातांवर पाठमोरे बसून चपलेला टाके घालताहेत. त्यांना वासच आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा जळलाय. वास येईल परत कदाचित, कदाचित नाही येणार. त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. नाही आला.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच संध्याकाळी मी भाऊसाहेबांच्या घरी गेले. सोफ्यावर बसले नाही, उभ्यानंच विचारलं, "चौकशी केली होती म्हणालात. काय चौकशी केली होती?" ते म्हणाले, "व्यापारी म्हणाला पी-काहीतरी आहे. मी म्हटलं एकच असेल." एकच असेल! मी म्हटलं, "एका माणसाचं नाक गेलं, भाऊसाहेब." तर म्हणतात कसे, "वहिनी, शाकाहारी वस्तूनं कुणाला काय होणार? त्यांना आधीचंच काही असेल. ती माणसं जन्मभर काय काय हुंगत असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते अंकात छापण्यासारखं नाही. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं होतं, ते तसंच राहिलं. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "उरलेला माल पाठवून द्या. दुसरीकडे करून घेऊ." मी माल दिला नाही. त्यांनी नवीन मागवला, त्याच व्यापाऱ्याकडून. मी गावातल्या प्रत्येक लेसरवाल्याला फोन केला. बहुतेकांनी नाही म्हटलं. कुणीतरी हो म्हटलं असणार, कारण वेष्टनं तयार झाली. तिथे यंत्रापाशी कोण उभं होतं, कोण जाणे.

वार्षिक कार्यक्रमाला मी गेले. जरीची साडी नेसून, पर्समध्ये स्पिरिटचा दिवा आणि तार घेऊन. पोथ्यांचं वाटप सुरू झालं, माझं आडनाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, पोथी घेतली, वेष्टन काढलं आणि टेबलावर दिवा पेटवला. माइक समोरच होता. म्हटलं, "दोन मिनिटं बघा." तार तापवली, टेकवली, ज्योतीत धरली. अख्ख्या सभागृहानं ती हिरवी ज्योत पाहिली. मी सांगितलं की हे काय आहे, यानं कुणाचं काय गेलं, आणि खात्री न करता "शुद्ध" म्हणून हे कुणी आणलं.

तुम्हाला वाटेल, आता काहीतरी झालं असेल. लोक उठले असतील, भाऊसाहेबांना जाब विचारला असेल. छे! मागून कुणीतरी म्हणालं, "किती सुंदर रंग आहे!" मुलांनी मोबाइलवर फोटो काढले. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "पण आपण कुठे जाळणार आहोत? आपण तर वाचणार." आणि ते खरंच होतं हो! वाचणाऱ्याला त्याचं काहीच होत नाही. जे व्हायचं ते कोरणाऱ्याला होऊन गेलेलं असतं. भाऊसाहेबांनी माइक घेतला, "वहिनींनी छान वैज्ञानिक माहिती दिली," म्हणाले आणि पुढचं आडनाव पुकारलं. माणसं ओळीनं येऊन पोथ्या घेऊन गेली. तेव्हापासून मी त्या मंडळात पाऊल ठेवलेलं नाही. हा अंक त्यांच्यातले पुष्कळजण घेतात. वाचा म्हणावं.

पण हा सगळा राग भाऊसाहेबांवर काढून मला मोकळं होता येत नाही. तार माझ्या खिळ्याला होती, नियम माझा होता. शेवटी एक दिवस मी कैलासजींच्या घरी गेले. त्याच गल्लीत, जिथून आई मला नाकाला रुमाल लावून न्यायची. ते दारात बसून टाके घालत होते. मी म्हटलं, "कैलासजी, मुझसे गलती हुई. आपने कहा था, मैंने सुना नहीं." ते टाका ओढत म्हणाले, "तार की बात तो ठीक है, दीदी. वो तो किसी से भी हो जाती." मग थोडं थांबून म्हणाले, "पर मराठी मुझे आती है. बारह साल हो गए आपके यहाँ. उन्होंने हाथ लगाने वाली जो बात कही, मैं समझ गया था. आप कुछ बोलीं नहीं."

भाभींनी चहा आणला, तो मी घेतला.

चार महिन्यांनी कैलासजी परत आले. मी बोलावलं म्हणून नाही. म्हणाले, मी घरी बसून राहिल्यानं बायको वैतागली आहे. यंत्रापाशी मी त्यांना जाऊ देत नाही, ते काम मी करते. ते पुढे खुर्ची टाकून बसतात आणि नवशिक्यांचा पहिला दिवस घेतात. पहिल्या दिवशी यंत्राला हातही लावायचा नाही. प्रत्येकानं घरून आणलेला माल टेबलावर ठेवायचा आणि कैलासजींच्या समोर तार लावायची. "किसने दिया, कहाँ से आया, किसके पैर छू के आया, मुझे मत बताओ," ते म्हणतात. "तार लगाओ." परवा एका मुलीनं आणलेल्या तुकड्यावर कुंकू होतं. ती घाबरत घाबरत म्हणाली, "अंकल, ये पूजा का है." मी आतून पडदा सारून बाहेर आले आणि तिच्या हातातून तुकडा घेऊन स्वतः तार टेकवली. पीयू निघालं. पण टेकवली.

आणि कातडं आलं की ते ओळखायचं काम आता माझ्याकडे आहे. कैलासजी कोपरा दुमडतात आणि माझ्यापुढे धरतात. मी वाकते, पदर बाजूला करते आणि श्वास ओढते. पहिले काही महिने मला नुसता "चामड्याचा वास" यायचा. ते चिडायचे. "ये क्या जवाब हुआ, दीदी? खाने को पूछो तो बोलोगे खाने का स्वाद?" आता थोडंथोडं कळतं. साल कुठली, तेल कुठलं, ओल होती का. चुकते अजून, पण शिकतेय. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी या नाकाचा पहिल्यांदा उपयोग करतेय.

गेल्या आठवड्यात नवीन गठ्ठा आला. त्यांनी कोपरा दुमडून धरला. "बताओ."

"बकरा," मी म्हटलं. "बबूल."

"और?"

"थोडा तेल का. मछली का नहीं, सरसों जैसा."

त्यांनी मान हलवली. "ठीक है. चलाओ." मग मी आत वळले तरी ते तो कोपरा तसाच धरून होते. जुन्या सवयीनं त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी पडद्यामागून बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी कातडं खाली ठेवलं आणि हात गमछ्याला पुसले.

मी यंत्र सुरू केलं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, समोरून हाक आलीच. "ओ मैडम! चमड़े की बास आ रही है!"

मी तरातरा बाहेर आले. दोन वर्षांचं सगळं साठलेलं आज त्या गॅलरीवर ओतायचं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्चीतून कैलासजी वर बघत, हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"इनको आ रही है."

मी तोंड मिटलं आणि आत जाऊन पंखा वाढवला.